पारनेर : दुष्काळी पठारावरील समृद्ध वारसा

पुण्याहून नगरकडे जाताना शिरूर ओलांडले, की घोडनदीच्या पलीकडे माळरानांचा प्रदेश सुरू होतो. सुप्याच्या आसपास पठारावर पवनचक्क्या दिसू लागतात. शिर्डी किंवा शनिशिंगणापूर गाठण्याच्या घाईत असलेल्या बहुतेक गाड्या येथे चहापुरत्या थांबतात आणि पुढे निघून जातात. महामार्गापासून थोडे आत वळले, तर सहाव्या शतकाच्या सुमारास खोदलेली शैव लेणी, मराठेशाहीतील सरदारांचे वाडे, वारकरी परंपरेतील एका थोर संताचे गाव, नदीने खडकात कोरलेले विलक्षण रांजणखळगे आणि पाणलोट विकासामुळे देशभर गाजलेले खेडे एका दिवसाच्या अंतरात पाहता येते, याची कल्पना यातील फार थोड्यांना असते. हा सारा परिसर म्हणजे पारनेर तालुका होय.

अहमदनगर जिल्ह्याचे २०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामकरण झाले. या जिल्ह्याच्या पश्चिम-नैर्ऋत्य भागात, पुणे जिल्ह्यातील शिरूर व जुन्नर या तालुक्यांना लागून पारनेर तालुका पसरलेला आहे. समुद्रकिनारा, थंड हवेचे ठिकाण किंवा अभयारण्य यांपैकी येथे काहीही नाही. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत येत असल्याने पाऊसही बेताचाच. तरीही या भूमीला इतिहासाचे आणि निसर्गाचे असे काही लेणे लाभले आहे, की सवडीने पाहणाऱ्यास दोन दिवसही अपुरे पडावेत.

नाव आणि पूर्वपीठिका

पारनेर हे नाव पराशर ऋषींवरून पडले, अशी परंपरागत समजूत आहे. या परिसरात पराशरांचा आश्रम होता, असे गावकरी सांगतात. संगमनेर, अमळनेर, जामनेर, पिंपळनेर यांप्रमाणेच ‘नेर’ हा शेवट असलेल्या जुन्या गावनावांत पारनेरचा समावेश होतो.

प्राचीन काळी कोकणातील बंदरांतून येणारा माल नाणेघाटाने वर चढून जुन्नरला येई आणि तेथून पैठणकडे जाई. जुन्नर आणि नगर यांच्या मधोमध असलेले पारनेरचे पठार या व्यापारी मार्गाच्या पट्ट्यातच येते. आजचा कल्याण-नगर महामार्गही माळशेज घाट चढून, आळेफाट्यावरून याच तालुक्यातून पुढे जातो. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याची सत्ता प्रथम जुन्नरला उभी राहिली आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याने नगर शहर वसविले. साहजिकच दोन्ही ठाण्यांमधील या टापूला महत्त्व आले. पुढे मराठेशाहीत येथील गावे मातब्बर सरदारांकडे गेली आणि त्यांच्या गढ्या व वाडे येथे उभे राहिले.

कर्जाचे कागद जाळणारा तालुका

इंग्रजी अमलात पारनेरचे नाव इतिहासात नोंदले गेले, ते मात्र वैभवासाठी नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, भारतीय कापसाला मोठी मागणी आली. शेतकऱ्यांना सहज कर्जे मिळू लागली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून तो वाढविला. सावकारांनी नवे कर्ज देण्याचे थांबविले आणि जुन्या कर्जापोटी जमिनी घेण्याचा सपाटा लावला.

पारनेरच्या शेजारी असलेल्या शिरूर तालुक्यातील करडे या गावी १८७४ च्या डिसेंबरमध्ये शेतकऱ्यांनी सावकाराविरुद्ध बहिष्कार पुकारला. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला आणि त्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत हे तालुके त्यात होरपळले. येथे एक खुलासा आवश्यक आहे. उठाव ज्या सुपे गावी सुरू झाला, ते पुणे जिल्ह्यातील, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे होय. पारनेर तालुक्यात नगर-पुणे रस्त्यावर असलेले सुपे वेगळे. नामसाधर्म्यामुळे या दोहोंची अनेकदा गल्लत होते.

या उठावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे व खतपत्रे ताब्यात घेऊन ती जाळणे हा त्याचा मुख्य हेतू. सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तर त्याला सहसा इजा होत नसे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. अवर्षण आणि कर्ज यांच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्यासाठी कायदा करावा लागला, हे या प्रदेशाच्या इतिहासातील मोठे वळण आहे. या घटनेचे ठळक स्मारक मात्र पारनेरला येणाऱ्याच्या नजरेस पडत नाही.

सेनापती बापटांचे गाव

मुंबईत दादर-लोअर परळ भागातून जाणारा सेनापती बापट मार्ग आणि पुण्यात शिवाजीनगर परिसरातील सेनापती बापट रस्ता यांवरून दररोज लाखो लोक ये-जा करतात. ज्यांच्या नावाने हे रस्ते ओळखले जातात, ते पांडुरंग महादेव बापट पारनेरचे. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी येथे झाला.

पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकून, शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ मध्ये अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी एडिंबरोला गेले. तेथे ब्रिटिश राजवटीवर टीका करणारे भाषण केल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी हेमचंद्र दास यांच्यासमवेत बाँब तयार करण्याची विद्या मिळविली आणि ती माहिती भारतातील क्रांतिकारकांपर्यंत पोचविली. १९०८ मधील अलीपूर बाँब खटल्यानंतर त्यांना काही वर्षे अज्ञातवासात काढावी लागली.

त्यांच्या आयुष्यातील सर्वात गाजलेला लढा मुळशीचा. मुळशी पेट्यातील धरणासाठी टाटा कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्यास सुरुवात केल्यावर १९२१ ते १९२४ या काळात तेथे सत्याग्रह झाला. धरणग्रस्तांचा हा देशातील अगदी सुरुवातीचा संघटित लढा मानला जातो. ‘सेनापती’ ही पदवी बापटांना या लढ्यानेच दिली. सत्याग्रहापायी त्यांना वारंवार कारावास भोगावा लागला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकविण्याचा मान त्यांना मिळाला. पुढे गोवा मुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र या आंदोलनांतही ते वृद्धापकाळी उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

बाँबची विद्या शिकून आलेल्या या माणसाने हातात झाडू घेऊन गावातील रस्ते झाडले, हे पारनेरकर आजही अभिमानाने सांगतात. ग्रामस्वच्छतेचे व्रत त्यांनी आयुष्यभर पाळले. योगी अरविंदांच्या तत्त्वज्ञानपर ग्रंथाचा मराठी अनुवादही त्यांनी केला. पारनेरला आलेल्या प्रवाशाने येथील सेनापती बापट स्मारकाला भेट देऊन मगच पुढे जावे.

ढोकेश्वराची लेणी

तालुक्यातील सर्वात प्राचीन ठेवा म्हणजे टाकळी ढोकेश्वर येथील लेणी. कल्याण-नगर महामार्गावरील या गावाजवळच्या टेकडीत, पायऱ्या चढून गेल्यावर, ढोकेश्वर महादेवाचे हे कोरीव मंदिर लागते. अभ्यासक त्याचा काळ इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. मुंबईजवळील घारापुरी आणि जोगेश्वरी, तसेच वेरूळची काही शैव लेणी ज्या परंपरेत खोदली गेली, त्याच परंपरेत ढोकेश्वराची गणना होते.

दर्शनी बाजूस भक्कम स्तंभ आणि आत प्रशस्त मंडप आहे. मध्यभागी खडकातच कोरलेले गर्भगृह असून त्याच्या चारही बाजूंनी प्रदक्षिणेस वाट ठेवलेली आहे. दरवाजाशी द्वारपाल, समोर नंदी आणि भिंतीवर सप्तमातृकांचा पट पाहावयास मिळतो. गंगा आणि यमुना या नदीदेवतांच्या मूर्ती हे येथील खास आकर्षण. पर्जन्यछायेतील या कोरड्या माळावर दीड हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पींनी शिवाच्या दारात नद्यांना उभे करावे, हा योगायोग पाहणाऱ्याच्या मनात रेंगाळतो.

पांडवांनी एका रात्रीत ही लेणी खोदली, अशी लोककथा सांगितली जाते. अशी कथा महाराष्ट्रातील अनेक लेण्यांबाबत ऐकू येते. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीस येथे भाविकांची गर्दी होते. शिल्पे बारकाईने पाहावयाची असल्यास इतर दिवशी, सकाळच्या वेळी जाणे सोयीचे. मूर्तींना शेंदूर, तेल वा रंग लावणे आणि भिंतींवर नावे कोरणे यांमुळे अशा लेण्यांचे जे नुकसान होते, ते पुन्हा भरून येत नाही. हे स्मारक जिवंत देवस्थानही आहे. त्यामुळे पूजा आणि जतन यांचा मेळ घालण्याची जबाबदारी भाविक व पर्यटक या दोघांवरही येते.

जामगाव आणि पळशी

पारनेरहून भाळवणीकडे जाताना जामगाव लागते. उत्तरेत मराठ्यांचा दरारा निर्माण करणारे महादजी शिंदे यांचा वाडा या गावी आहे. भोवतालची तटबंदी आणि बुरूज यांमुळे जामगावची गणना भुईकोट किल्ल्यांमध्येही केली जाते. पानिपतच्या १७६१ मधील पराभवानंतर मराठ्यांची सत्ता उत्तरेत पुन्हा उभी करणाऱ्या महादजींचे निधन १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे झाले. वानवडीची शिंदे छत्री पुणेकरांना परिचित असते. ग्वाल्हेरचे वैभव तर सर्वश्रुत आहे. त्यांच्याच जामगावच्या वाड्याकडे मात्र फारशी पावले वळत नाहीत.

तालुक्याच्या उत्तर टोकाला असलेले पळशी हे असेच दुसरे गाव. इंदूरच्या होळकरांच्या पदरी दिवाणगिरी करणाऱ्या पळशीकर घराण्याचे हे मूळ ठिकाण. गावाभोवतीचा तट, भव्य प्रवेशद्वार, लाकडी कोरीवकामाने नटलेला वाडा आणि गावाबाहेरचे दगडी विठ्ठल मंदिर ही येथील पाहण्यासारखी स्थळे. मंदिराच्या दगडातील नक्षी पाहिल्यावर उत्तरेतील संपत्ती आणि कारागिरी दख्खनच्या या आडबाजूच्या गावात कशी येऊन पोचली, याची कल्पना येते. वाडा खासगी मालकीचा असल्याने आत जाण्यापूर्वी तेथील मंडळींची परवानगी घेणे उचित.

शिंदे आणि होळकर या मराठेशाहीच्या दोन मोठ्या घराण्यांशी नाते सांगणाऱ्या वास्तू एकाच तालुक्यात असाव्यात, हे पारनेरचे वैशिष्ट्य होय. या वास्तू एकमेकींशी जोडणारी माहिती, मार्गदर्शक फलक आणि नकाशा उपलब्ध झाला, तर इतिहासप्रेमींसाठी हा उत्तम अभ्यासमार्ग ठरू शकेल.

निळोबारायांचे पिंपळनेर

वारकरी संप्रदायाच्या संतमालिकेचा शेवटचा मणी म्हणून संत निळोबारायांचा उल्लेख केला जातो. पिंपळनेर ही त्यांची कर्मभूमी. तुकोबारायांना त्यांनी गुरुस्थानी मानले. तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर त्यांच्या दर्शनाचा ध्यास घेऊन निळोबांनी निर्वाण मांडले आणि तुकोबांनी त्यांना साक्षात्कार देऊन अनुग्रह केला, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. त्यांच्या अभंगांची गाथा आजही कीर्तनांतून आणि भजनांतून आवर्जून गायिली जाते.

पिंपळनेर येथे त्यांची समाधी असून आषाढी वारीसाठी येथून पालखी पंढरपूरला जाते. आळंदी-देहूच्या मोठ्या सोहळ्यांच्या तुलनेत येथील वातावरण शांत असते. राळेगणसिद्धी येथून जवळच असल्याने दोन्ही गावे एकाच फेरीत पाहता येतात.

निघोजचे रांजणखळगे

पारनेर तालुक्याचे नाव परदेशी पर्यटकांपर्यंत पोचविणारे ठिकाण म्हणजे निघोज. येथील कुकडी नदीच्या पात्रात कठीण काळ्या खडकात शेकडो खळगे तयार झालेले आहेत. काही वाटीएवढे, तर काही माणूस उभा राहिला तरी दिसणार नाही इतके खोल. रांजणासारखा आकार असल्याने त्यांना रांजणखळगे म्हणतात. स्थानिक लोक या जागेला ‘कुंड’ या नावाने ओळखतात. आशिया खंडातील सर्वात मोठे रांजणखळगे अशी त्यांची ख्याती सांगितली जाते. या मोजमापाच्या वादात न पडताही त्यांचे सौंदर्य तसूभरही कमी होत नाही.

हे खळगे कसे तयार झाले, याचे उत्तर सोपे आहे. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकातून साचलेल्या बेसाल्ट खडकाचे बनले आहे. पुराच्या वेळी नदीचे पाणी पात्रातील खाचखळग्यांत भोवऱ्यासारखे फिरते. या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरत खडकाला घासतात. खडक थोडाथोडा झिजतो, खळगा रुंद आणि खोल होतो. शेजारचे दोन खळगे वाढत वाढत एकमेकांस मिळाले, की मधली भिंत गळून पडते आणि चित्रविचित्र आकार तयार होतात. हजारो वर्षे ही क्रिया अखंड चालू आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर अनेक खळग्यांच्या तळाशी गुळगुळीत झालेले गोटे दिसतात. हेच या खळग्यांचे कारागीर.

नदीच्या एका तीरावर पारनेर तालुक्यातील निघोज, तर दुसऱ्या तीरावर पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची मंदिरे असून त्यांना जोडणारा झुलता पूल आहे. पुलावरून पात्राचे विहंगम दृश्य दिसते. निघोजच्या मळगंगा देवीची यात्रा चैत्र वद्य अष्टमीच्या सुमारास भरते. या वेळी गावातील बारवेतून देवीची घागर वर येते, अशी श्रद्धा असून ते पाहण्यासाठी हजारो भाविक जमतात. कामधंद्यासाठी मुंबईला गेलेले निघोजकर या दिवशी हमखास गावी परततात.

येथे येणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की बांधावी. कुकडी ही धरणांची नदी आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांचा कुकडी प्रकल्प वरच्या अंगाला आहे. पावसाळ्यात किंवा धरणातून पाणी सोडल्यावर पात्रातील पाणी वाढू शकते. खडक गुळगुळीत आणि निसरडे आहेत. खळग्यांच्या कडा पाण्याने आतून पोखरलेल्या असतात आणि वरून संथ दिसणारे पाणी तळाशी खोल असते. पोहता येत असले, तरी अशा खळग्यातून वर येण्यासाठी हाताला आधार मिळत नाही. छायाचित्राच्या मोहाने कडेवर उभे राहणे किंवा पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते. लहान मुले बरोबर असल्यास पुलावरून आणि काठावरूनच ही शोभा पाहावी.

वडगाव दर्या आणि सिद्धेश्वरवाडी

‘दर्या’ हा शब्द ऐकून समुद्राची आठवण होते. वडगाव दर्या येथे मात्र समुद्र नाही, आहे ती खोल दरी. कान्हूर पठाराच्या परिसरातील या गावाजवळ पठार एकाएकी तुटते आणि खाली घळीत नैसर्गिक गुहा दिसतात. या गुहांमध्ये दर्याबाई आणि वेल्हाबाई या देवींची स्थाने आहेत. गुहेच्या छतातून झिरपणाऱ्या पाण्यातील क्षार साचून येथे लवणस्तंभ तयार झाले आहेत. चुनखडीच्या प्रदेशात असे स्तंभ नेहमी आढळतात. बेसाल्टच्या प्रदेशात ते तुलनेने दुर्मीळ असल्याने अभ्यासकांनाही या जागेचे आकर्षण वाटते. या स्तंभांची वाढ अत्यंत सावकाश होते. हौसेखातर तोडलेला एक तुकडा पुन्हा तयार होण्यास अनेक पिढ्या लागतात, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे. परिसरात माकडांचा मोठा वावर असल्याने खाद्यपदार्थ सांभाळावेत.

पारनेर शहराजवळील सिद्धेश्वरवाडी येथेही असेच घळीतील शिवमंदिर आहे. पावसाळ्यात येथील ओढा वाहू लागला, की धबधबा पाहण्यासाठी गर्दी होते. श्रावणात परिसर हिरवागार असतो. उन्हाळ्यात याच ठिकाणी पाण्याची धार शोधावी लागते.

कोरठण खंडोबा

तालुक्याच्या पश्चिम भागात पिंपळगाव रोठा येथे कोरठण खंडोबाचे देवस्थान आहे. ‘प्रतिजेजुरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्थानास शासनाने ‘ब’ वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा दिलेला आहे. पौष पौर्णिमेच्या यात्रेस नगर, पुणे, नाशिक, ठाणे आणि मुंबई येथून भाविक येतात. उंच मानाच्या काठ्यांची मिरवणूक आणि भंडाऱ्याची उधळण हे यात्रेचे मुख्य आकर्षण. चंपाषष्ठीचा उत्सवही मोठ्या प्रमाणावर साजरा होतो. जवळच मांडओहोळ धरण असून पावसाळ्यानंतर त्याचा परिसर रमणीय दिसतो.

राळेगणसिद्धी : पाण्याने बदललेले गाव

पारनेर तालुक्यातील सर्वाधिक परिचित गाव अर्थातच राळेगणसिद्धी. लष्करातून निवृत्त झालेले किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले, तेव्हा १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या आठवणी ताज्या होत्या. शेती कोरडी, हाताला काम नाही आणि दारूच्या भट्ट्या मात्र चालू, अशी गावाची स्थिती होती. अण्णांनी स्वतःच्या निवृत्तीच्या पैशातून यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि तेथूनच गावाच्या कामास प्रारंभ झाला.

या कामाचे सूत्र साधे होते. गावात पडणारे पाणी गावातच अडवावयाचे आणि जमिनीत मुरवावयाचे. डोंगरउतारावर समतल चर, ओढ्या-नाल्यांवर बांध, पाझर तलावांची दुरुस्ती आणि वृक्षलागवड अशी कामे श्रमदान व शासकीय योजना यांच्या मेळातून झाली. विहिरींना पाणी आले. मात्र आलेले पाणी वाटेल तसे उपसू न देण्याची शिस्त गावाने लावून घेतली. जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधन आले. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री येथूनच राज्यभर गेली. शासनाची आदर्श गाव योजना याच अनुभवावर उभी राहिली. अण्णांना १९९० मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण सन्मान मिळाला.

माहितीच्या अधिकाराच्या चळवळीतही राळेगणचे नाव अग्रभागी होते. महाराष्ट्रात हा कायदा २००२ मध्ये आणि देशपातळीवर २००५ मध्ये आला. २०११ च्या लोकपाल आंदोलनानंतर तर देशोदेशीचे पत्रकार या छोट्या गावात येऊन गेले. या आंदोलनाच्या राजकीय परिणामांविषयी मतमतांतरे आहेत. अण्णांनी आखलेल्या शिस्तीच्या कठोरपणावरही टीका झाली. परंतु पाणलोटाचे बांध, नाले आणि शेते ही कोणालाही स्वतः पाहता येण्यासारखी गोष्ट आहे. त्यासाठी राळेगणला जावे. शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे याच वाटेवरचे दुसरे गाव. त्याचे नेतृत्व करणाऱ्या पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दोन्ही गावे पाहिल्यास पाणी व्यवस्थापनाचा वस्तुपाठच मिळतो.

पठाराची चव

पारनेरच्या पठारावर पावसाच्या भरवशावर घेतल्या जाणाऱ्या मूग आणि वाटाणा या पिकांची ख्याती आहे. पावसाळा साधला, की कान्हूर पठार परिसरातील हिरवा वाटाणा बाजारात येतो. बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मासवडी, पिठले आणि खर्डा हा येथील रोजचा आहार. मोठी हॉटेले महामार्गावरच आहेत. आतील गावांत घरगुती जेवणाची सोय आधी सांगून ठेवल्यास होऊ शकते.

जपले तर टिकेल

पारनेरला पर्यटनाची गरज का आहे, याचे उत्तर येथील बसस्थानकावर मिळते. या तालुक्यातील कितीतरी कुटुंबांतील एक तरी माणूस मुंबई किंवा पुण्यात कामाला आहे. कुकडीचा कालवा तालुक्याच्या काही भागातून जातो. पठारावरील गावांना मात्र पावसाकडेच डोळे लावून बसावे लागते. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीने रोजगार दिला. सर्वांना तो पुरणे शक्य नाही. निघोज, ढोकेश्वर आणि वडगाव दर्या येथे येणारा प्रवासी दोन तास थांबण्याऐवजी एक रात्र मुक्कामास राहिला, तर गावातच चार घरांना उत्पन्न मिळू शकते.

त्याचबरोबर येथील बहुतेक ठिकाणे अतिशय नाजूक आहेत. खडकातील शिल्प, गुहेतील लवणस्तंभ, वाड्यातील लाकडी नक्षी आणि नदीपात्रातील खळगे यांपैकी एकही गोष्ट पुन्हा निर्माण करता येणार नाही. केवळ रस्ता रुंद करून आणि कमानी उभारून भागणार नाही. निघोजला प्रशिक्षित जीवरक्षक आणि ठळक धोकासूचना, ढोकेश्वरला शिल्पांची माहिती देणारा जाणकार, वडगाव दर्याला गुहेत एका वेळी जाणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आणि सर्वत्र कचऱ्याची व्यवस्था हवी. या गोष्टींना खर्च कमी लागतो, सातत्य अधिक. राळेगणने पाण्याच्या बाबतीत जी शिस्त दाखविली, ती वारशाच्या बाबतीत दाखविणे तालुक्याला अवघड नाही.

कसे जाल, केव्हा जाल?

पारनेर शहर नगरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. पुण्याहून येताना नगर रस्त्याने शिरूरमार्गे सुपे गाठावे आणि तेथून पारनेरकडे वळावे. पारनेरला रेल्वे नाही. जवळचे मोठे रेल्वेस्थानक नगर शहरात आहे. मुंबईहून येणाऱ्यांना कल्याण-माळशेज घाट-आळेफाटा हा मार्ग सोयीचा असून त्या वाटेवर टाकळी ढोकेश्वर आधी लागते. एसटी बस मिळतात. परंतु आतील ठिकाणे विखुरलेली असल्याने स्वतःचे वाहन असलेले बरे.

पहिल्या दिवशी शिरूरमार्गे निघोज, राळेगणसिद्धी व पिंपळनेर करून पारनेर किंवा सुपे येथे मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी सेनापती बापट स्मारक, सिद्धेश्वरवाडी, वडगाव दर्या आणि टाकळी ढोकेश्वर पाहावे. वेळ उरल्यास जामगाव किंवा पळशी गाठता येईल. हिरवाई आणि धबधबे पाहावयाचे असल्यास ऑगस्ट व सप्टेंबर हे महिने उत्तम. रांजणखळग्यांचे खरे रूप मात्र पाणी ओसरल्यावर, जानेवारीनंतर दिसते. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक असते आणि पठारावर सावली कमी. टोपी व पिण्याचे पाणी जवळ ठेवावे. ज्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे जाताना पाणी आपले आपण नेणे आणि रिकाम्या बाटल्या परत आणणे, एवढे पथ्य प्रत्येक प्रवाशाने पाळावे.